फोर्कलिफ्ट भाड्याने घेतली, भांडणं फुकटात आली : ३ टनी बॅटरी फोर्कलिफ्ट, दहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही फोर्कलिफ्टमधला तज्ज्ञ वगैरे नाही. चाकणला एका प्रेस पार्टच्या कंपनीत डिस्पॅच बघतो, म्हणजे गाडी वेळेत लागली नाही की शिव्या खायच्या आणि वेळेत लागली की कुणी विचारत पण नाही, असं काम. कंपनीचं नाव सांगत नाही, भाड्याने मशीन देणाऱ्याचंही नाही, कारण त्याच्याशी अजून दोन महिन्यांचं लग्न बाकी आहे. पण गेल्या दहा महिन्यांत किमान पाच-सहा जणांनी विचारलं की बॅटरीवाली घ्यावी का, भाड्याने परवडते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे एक डिझेल होती, ३ टनाची, कंपनीच्या मालकीची, २०११ ची. हायड्रॉलिकचं तेल गळायचं, सकाळी पहिल्या स्टार्टला अख्ख्या शेडमध्ये धूर, आणि कस्टमरच्या ऑडिटरने सलग दोन वर्षं बंद शेडमध्ये डिझेल का चालवता म्हणून लिहून दिलं होतं. त्यात ती एकच. स्टोअरला ट्रेलर खाली करायचाय, प्रेस शॉपला ब्लँकचे (कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यांचे) पॅलेट हवेत, टूल रूमला डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा) हलवायचीय, मला गाडी भरायचीय, सगळ्यांचा मुहूर्त एकच, सकाळी साडेनऊ. तर प्लँट हेड म्हणाले की एक बॅटरीवाली भाड्याने घ्या, दोन झाल्या की भांडण संपेल. आम्हालाही पटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, दोन झाल्या की भांडण संपेल.

मशीन आधी. लिथियम बॅटरी, ३ टन, साइड शिफ्टर (पुढचे काटे डावी-उजवीकडे सरकवायची सोय) लावलेला, पुढची-मागची चाकं सॉलिड टायरची त्यामुळे पंक्चर हा विषय नाही. भाडं महिन्याला ५४,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३,७२०, ऑपरेटर आपला. चालवायला एकदम लोण्यासारखी. आमचे ऑपरेटर मामा (सगळा प्लँट त्यांना मामाच म्हणतो, एमडी साहेबसुद्धा) पहिल्या दिवशी उतरले आणि म्हणाले, "हिला आवाजच नाय, चालू हाय का बंद कळंना." हेच तिचं कौतुक आणि हाच तिचा दोष. डिझेल येतेय हे पन्नास फुटांवरून कळतं, ही पाठीमागे येऊन उभी राहते. निळा लाइट जमिनीवर पडतो, रिव्हर्सचा बझर आहे, तरीही पहिल्या महिन्यात तीन-चार जण दचकून बाजूला झालेत. घेणार असाल तर निळा लाइट पुढे आणि मागे दोन्हीकडे मागून घ्या, आमच्याकडे आधी फक्त मागेच होता.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. जुनी लेड अ‍ॅसिडवाली ज्यांनी वापरलीय त्यांना माहितीय, आठ-दहा तास चार्जिंग, मग थंड व्हायला द्या, दर आठवड्याला सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर, चार्जिंगच्या जागी हवा खेळती ठेवा कारण हायड्रोजन सुटतो, ते सगळं इथे नाही. चहाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं लावली, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावली, दिवस निघतो. पूर्ण रिकामी असेल तर दोन तास-सव्वादोन तासात भरते. फक्त संध्याकाळी लावू नका, त्या वेळचा युनिटचा दर महाग असतो हे आम्हाला बिल आल्यावर मेंटेनन्सने सुनावलं.

आणि इथूनच खरा रिव्ह्यू चालू होतो, कारण चार्जर लावला मेंटेनन्सच्या हद्दीत. थ्री फेजचा मोकळा पॉइंट तिथेच होता. मोकळा म्हणजे काय, तर आठवड्यातून तीनदा त्यावर वेल्डिंग सेट लागायचा. मामा मशीन घेऊन चार्जिंगला जायचे तर तिथे पिन वेल्डिंगची, आणि मेंटेनन्सवाला म्हणणार, "दहा मिनिटं थांबा मामा, ब्रॅकेट लावतोय." दहा मिनिटांची चाळीस झाली की जेवणाची सुट्टी संपली आणि मशीन ३० टक्क्यांवर. मग दुपारी तीनला ती मधेच हळू होते आणि सगळे मिळून बॅटरीला नावं ठेवतात. पहिले दोन महिने आम्ही भाडेवाल्याला फोन करून करून छळलं की बॅटरी उतरते म्हणून. त्याचा माणूस आला, रिपोर्ट काढला, म्हणाला साहेब बॅटरी उत्तम आहे, ती चार्जच होत नाही. नंतर अडीच हजारात वेगळा पॉइंट काढला. अडीच हजार! आणि तेवढ्यासाठी दोन महिने मेलामेली, कारण पॉइंटचा खर्च कुणाच्या कॉस्ट सेंटरला टाकायचा ते ठरत नव्हतं.

आता दोन मशीन झाल्यावर काय झालं ते ऐका. डिझेल कुणालाच नको. जुनी डिझेल म्हणजे कडक स्टिअरिंग, धूर, गरम सीट. सगळ्यांना बॅटरीवालीच पाहिजे. म्हणजे आधी एका मशीनसाठी भांडण होतं, आता पण एकाच मशीनसाठी, फक्त दुसरी बाजूला उभी राहून बघते.

मग सोमवारच्या साडेनऊच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडनी प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला पहिल्या शिफ्टमध्ये किती तास लागते सांगा. स्टोअर म्हणालं पाच. प्रेस शॉप सहा. मी पाच सांगितले. टूल रूमचे साहेब जरा सभ्य, त्यांनी तीन सांगितले. झाले एकोणीस. शिफ्ट आठ तासांची. पीपीसीवाल्या (प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या) मॅडम गालातल्या गालात हसत होत्या ते मला अजून आठवतंय. आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं हं, प्रत्येकाच्या डोक्यात मशीनची वाट बघण्यात गेलेला वेळसुद्धा वापराच्याच हिशोबात धरलेला होता.

या मशीनला एक सोय आहे जी विकताना ते फार मिरवतात आणि तेव्हा आम्हाला काहीच वाटलं नव्हतं. चालू करायला चार आकडी पिन लागतो, आणि प्रत्येक पिनचा वेगळा हिशोब राहतो, किल्ली किती वेळ चालू होती आणि प्रत्यक्ष हलली किंवा उचललं किती वेळ. आम्ही चार डिपार्टमेंटना चार पिन करून घेतले, मामा ज्याचं काम करतील त्याचा पिन टाकतील असं. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला. पहिल्या शिफ्टची सरासरी, किल्ली चालू ६ तास ४० मिनिटं. प्रत्यक्ष काम ३ तास १०. त्यात स्टोअर १ तास ५ मिनिटं, प्रेस शॉप ५० मिनिटं, टूल रूम २० मिनिटं आणि डिस्पॅच, म्हणजे मी, पाच तास मागणारा मी, ५५ मिनिटं.

उरलेले साडेतीन तास ती काय करत होती? उभी होती. किल्ली चालू ठेवून कुणाच्या तरी बेमध्ये (डिपार्टमेंटच्या जागेत) उभी होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. एकदा सोडली तर परत मिळेल याची खात्री नाही, म्हणून गाडी यायला तासभर असला तरी ती माझ्या डॉकवर (गाडी भरायच्या जागी) उभी. मी हे केलंय, कबूल करतो. मामांना मी स्वतः सांगितलंय की "मामा, जरा इथेच थांबा, गाडी गेटवरच आहे," आणि गाडी तेव्हा चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती. ज्यांना तळेगाव चौक माहितीय त्यांना पुढचं सांगायला नको.

याचा एक फटका असा की भाडं किल्लीच्या तासांवर आहे. करारात महिन्याला २०८ तास, २६ दिवस गुणिले ८. वरच्या प्रत्येक तासाला २५० रुपये. दुसऱ्या शिफ्टला रोज तीनेक तास धरून पहिल्या महिन्यात झाले २५१, म्हणजे ४३ तास जास्तीचे, १०,७५० रुपये, वर जीएसटी, निव्वळ उभं राहण्याचे. हे करारात बारीक अक्षरात नव्हतं, चांगलं ठळक होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की बाबा मीटर कुठला मोजणार, किल्लीचा की कामाचा. काहीजण घासाघीस केल्यावर कामाच्या तासांवर पण देतात असं नंतर कळलं, आम्हाला या कराराला तरी मिळालं नाही.

मग फायनान्सनी भाडं चौघांत सारखं वाटलं. टूल रूमचे साहेब उखडले, आणि बरोबरच होतं, वीस मिनिटांच्या वापराला १३,५०० कोण देईल, त्यात तर त्यांना रोज रिक्षा परवडेल. ठीक, मग पिनच्या तासांप्रमाणे वाटू असं ठरलं. दुसऱ्याच आठवड्यात स्टोअरचा वापर एकदम दुप्पट आणि बाकी तिघांचा एकदम निम्मा. काय झालं असेल सांगा. स्टोअरचा पिन होता १२३४. सगळा प्लँट स्टोअरच्या पिनवर मशीन चालवत होता, मामांनाही कुणीतरी गळ घातली होती की "मामा टाका ना तोच, तुम्हाला काय फरक पडतो." स्टोअरच्या साहेबांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पिन बदलला, लग्नाची तारीख टाकली, आणि तीन दिवसांनी स्वतःच विसरले. पाच वेळा चुकीचा टाकला की मशीन लॉक होते हे त्या दिवशी कळलं. सकाळी दहा ते बारा मशीन मधल्या रस्त्यात आडवी उभी, भाडेवाल्याने फोनवरून उघडून दिली. त्यांच्या घरी हे कळलं की नाही माहिती नाही, आम्ही कुणी सांगितलं नाही.

एक गंभीर गोष्ट पण झाली, ती लिहितो कारण घेणाऱ्यांनी वाचावी. दुसरी शिफ्ट, प्रेस बदलायची घाई, २,६०० किलोची डाय, लांबी १,४०० मिमी. मशीन ३ टनाची, डाय २.६ टनाची, मग काय प्रॉब्लेम, असं सगळ्यांना वाटतं. पण ते ३ टन हे लोड सेंटर ५०० मिमी असताना. म्हणजे वजनाचा मध्य फोर्कच्या (काट्यांच्या) उभ्या भागापासून अर्ध्या मीटरवर असेल तर. या डायचा मध्य ७०० वर गेला. तिथे ही मशीन अडीच टनाच्याही खाली येते, साइड शिफ्टर लावला असेल तर अजून थोडी कमी, आणि हे सगळं मास्टजवळच्या (काटे वर-खाली होतात त्या उभ्या सांगाड्याजवळच्या) पाटीवर लिहिलेलं असतं, जी कुणी वाचत नाही. मामा नव्हते, दुसऱ्या शिफ्टचा नवा मुलगा होता, आणि बाजूला दोन एचओडीचे (डिपार्टमेंट प्रमुखांचे) सुपरवायझर "घे रे, घे रे, पुढे दुसऱ्याला द्यायचीय" करत उभे. डाय फूटभर उचलली आणि मागची चाकं जमिनीवरून सुटली. हाताच्या वीतभर. मुलगा हुशार, घाबरून उडी नाही मारली, हळू खाली सोडली. कुणाला काही झालं नाही. पण मला तो मागच्या चाकाखालचा उजेड अजून दिसतो. चाक आणि जमीन यांच्यामधून पलीकडच्या ट्यूबचा उजेड येत होता.

त्या रात्रीनंतर २ टनाच्या वरची डाय फोर्कलिफ्टनी उचलायची नाही, ईओटी क्रेननीच (शेडमध्ये वरून चालते ती), असं लिहून लावलं. मशीनचा दोष शून्य. पण भाडेवाल्यांनी डिलिव्हरीला अर्धा तास बसून ही पाटी समजावून सांगायला काय हरकत आहे? आमच्या वेळी ड्रायव्हर आला, चलनावर सही घेतली आणि निघून गेला. ट्रेनिंग मागितलं तेव्हा मिळालं, चांगलं मिळालं, पण मागितलं तेव्हाच.

हे झाल्यावर प्लँट हेडनी सगळ्यांना बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा. नाहीतर सोमवारी मशीन परत." आणि उठून गेले. मीटिंग रूममध्ये आम्ही पाच जण एकमेकांकडे बघत बसलो. तिथे काही ठरणार नव्हतं, तिथे सगळे आपापल्या डिपार्टमेंटचे वकील असतात. शनिवारी दुपारी कँटीनमध्ये बसलो, मिसळ नव्हती त्या दिवशी, पोहे होते, आणि दीड तासात ठरलं.

कसं ठरलं ते सांगतो कारण मला वाटतं भाडं-बिडं सोडा, या मशीनच्या रिव्ह्यूत हेच कामाचं आहे. आधी सगळ्यांनी रिपोर्टचा कागद मध्ये ठेवला. कुणी कुणाला टोमणा मारायचा नाही असं स्टोअरचे साहेब म्हणाले (त्यांना पिनची भीती होती). मग तास मागायचेच नाहीत, वेळ मागायची, असं पीपीसीच्या मॅडमनी सुचवलं. किती वेळ पाहिजे हे नको, कधी नसली तर तुमचं काम खरंच अडतं तेवढं सांगा. हा प्रश्न विचारल्याबरोबर निम्मं भांडण विरघळलं, कारण प्रत्येकाची अडायची वेळ वेगळी निघाली. प्रेस शॉपला शिफ्ट चालू होताना, सात ते पावणेआठ, ब्लँक लागले नाहीत तर ऑपरेटर बसून. स्टोअरला नऊ ते साडेअकरा. टूल रूमला जेवणाची सुट्टी, कारण प्रेस तेव्हाच बंद. मला साडेचार ते सहा, कस्टमरची रात्रीची माल घ्यायची वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या लाइनवर माल नाही, मग डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) माझ्या नावाने.

सात ते पावणेआठ ही वेळ आधी माझ्याकडे होती, सकाळच्या छोट्या गाडीसाठी. ती मी सोडली. फुकट नाही सोडली. बदल्यात साडेचार ते सहा पक्की, म्हणजे डाय हवेत लटकत असली तरी पक्की, असं लिहून घेतलं. प्रेस शॉपचे साहेब म्हणाले, "अहो पण सकाळची गाडी?" मी म्हटलं ती आदल्या रात्रीच भरून ठेवतो, ट्रान्सपोर्टरला सांगतो गाडी मुक्कामाला ठेव. त्याला मुक्कामाचे दोनशे रुपये द्यावे लागतात. ते दोनशे प्रेस शॉपनी द्यायचे. अर्धा मिनिट शांतता, मग "बरं" म्हणाले. एरवी दोनशे रुपयांवर पंचवीस मिनिटं वाद झाला असता, पोहे कामाला आले.

स्टोअरचं त्रांगडं ट्रेलरचं. नऊची गाडी म्हणतात आणि चौकातून सुटते साडेदहाला. तर असं ठरलं की दहापर्यंत गेट एन्ट्री झाली नाही तर स्टोअरचा वेळ खुला, जो आधी मागेल त्याचा, आणि मग उशिरा आलेला ट्रेलर जुन्या डिझेलनी खाली करायचा, बाहेर यार्डात, तिथे धूर झाला तरी कुणाचं काय जातंय. म्हणजे डिझेलला पण काम मिळालं. पावसाळ्यात तसंही करावंच लागलं, कारण बॅटरीवाली भर पावसात यार्डात नेऊ नका असं भाडेवाल्याने सांगितलंय, आणि ओल्या रॅम्पवर तिची सॉलिड चाकं सरकतात हे आम्ही जुलैत अनुभवलं.

टूल रूमला जेवणाची सुट्टी द्यायची ठरली, सगळे खूश, आणि तेवढ्यात कँटीनच्या पलीकडच्या टेबलवरून मामा म्हणाले, "आन् मी जेवायचं कवा?" खरंच, पाच एचओडी दीड तास मशीन वाटत होते आणि ज्याच्याशिवाय ती हलत नाही त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मामांना बोलावून खुर्ची दिली. त्यांच्या अटी तीन. जेवण अर्धा तास उशिरा चालेल, पण मग ते बारा ते साडेबारा असेल आणि त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, मशीन तेव्हा चार्जिंगला. चहा सव्वादहाला म्हणजे सव्वादहाला. आणि तिसरी, "शिट्टी मारून बोलवायचं नाय. मी काय रिक्षा हाय का?" तिन्ही मंजूर. शिट्टीवाली अट प्लँटच्या बोर्डावर लावलीय, खरंच लावलीय.

अर्जंटचं काय, तर प्रत्येक डिपार्टमेंटला महिन्याला दोन लाल कार्ड. पत्त्यातल्या जोकरसारखी. कार्ड टाकलं की दुसऱ्याची वेळ असली तरी मशीन वीस मिनिटं तुमची, साडेचार ते सहा सोडून. प्रेस शॉपनी पहिल्या महिन्यात दोन्ही कार्डं तीन तारखेलाच उडवली. मग पंधरा तारखेला ते माझ्याकडे आले, "एक कार्ड द्या की राव." मी दिलं, बदल्यात शनिवारी गाडी भरायला त्यांचे दोन हेल्पर घेतले. आता तर त्या कार्डांचा बाजारच झालाय. टूल रूमला लागत नाहीत म्हणून ते जमवतात आणि महिनाअखेरीला विकतात, भाव असतो, गेल्या महिन्यात एका कार्डावर त्यांनी माझ्याकडून डाय ठेवायला डॉकमागची जागा आठवडाभर मिळवली. व्यापारी निघाला माणूस, आधी कुणाला वाटलं नसतं.

भाडं आता निम्मं सारखं वाटून आणि निम्मं तासांप्रमाणे. कारण मशीन दारात उभी असण्याचे पण पैसे असतात, वापरा की नका वापरू, हे टूल रूमनी शेवटी मानलं. पिन आता ऑपरेटरांकडेच, दुसऱ्या कुणाला माहिती नाहीत.

आणि सगळ्यात स्वस्त इलाज शेवटी कळला, ज्याचं श्रेय स्टोअरमधल्या एका हेल्परला. तो म्हणाला, साहेब, प्रेस शॉपचे बिन (पार्टच्या पेट्या) एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायला फोर्कलिफ्ट कशाला, उचलायचं कुठे आहे, ढकलायचंच तर आहे. तीन हँड पॅलेट (हाताने ढकलायच्या ट्रॉल्या) घेतले, अडीच टनी, एकेक साधारण १६,००० ला. तिन्ही मिळून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी. प्रेस शॉपचा फोर्कलिफ्टचा वापर पन्नास मिनिटांवरून पस्तीसवर आला आणि किल्लीचे तास महिन्याला १७० च्या आसपास, जास्तीचं बिल बंद. फक्त फ्लोअर सपाट पाहिजे, आमच्या दुसऱ्या शेडच्या जॉइंटवर चाक अडकतं आणि मग हेल्पर पॅलेटला आणि बांधकाम केलेल्याला मिळून शिव्या देतो.

सर्व्हिसबद्दल, थोडक्यात. रुटीन सर्व्हिस गुरुवारी करतात, आमची सुट्टी असते म्हणून बरं, पण गुरुवारी लाइटचा पण शटडाऊन असतो बऱ्याचदा, तर बुधवारी रात्रीच फुल चार्ज करून ठेवा, आम्ही एकदा शुक्रवारी सकाळी सातला १२ टक्क्यांवर सुरुवात केलीय. ब्रेकडाऊन दहा महिन्यांत दोन. एक किरकोळ, सीटखालचा स्विच. दुसरा चार्जरचा कनेक्टर जळाला, चूक आमची, केबल धरून ओढायचे. करारात लिहिलंय २४ तासांत माणूस आणि ४८ तासांत बदली मशीन. माणूस आला दुसऱ्या दिवशी चारला, म्हणजे २४ ला दोन-तीन तास वर. बदली मशीन आली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि ती कुठली तर लेड अ‍ॅसिडवाली, बॅटरी दमलेली, तीन तासांत बसायची. ते तीन दिवस आमचं वेळापत्रक, कार्डं, पोहे सगळं बाजूला आणि पुन्हा साडेनऊला डिझेलभोवती सगळे गोळा. मी फोनवर भाडेवाल्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी तीन दिवसांचं भाडं वजा केलं, तेही दोनदा मेल टाकल्यावर.

कागदपत्रं मात्र त्यांची चोख. वर्षाचं तपासणीचं सर्टिफिकेट, ऑपरेटरच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं मागताच. कस्टमरचा ऑडिटर आला तेव्हा धुराचा मुद्दा बंद झाला, त्याने नवीन मुद्दा काढला की हँड पॅलेटला पार्किंगची पिवळी रेघ नाही. काढली रेघ.

मार्क द्यायचे तर मशीनला पाचपैकी साडेचार, अर्धा तो आवाज नसण्याचा कापला. बॅटरीला पाच. भाडेवाल्याच्या सर्व्हिसला तीन, बदली मशीन धड पाठवली असती तर चार दिले असते. परवडतं का, तर दोन शिफ्ट चालणार असाल आणि आत वापरायची असेल तर हो. एकच शिफ्ट, दिवसाला तासभर काम, तर आधी हँड पॅलेट घ्या, एखादा स्टॅकर (माल वर उचलून ठेवायचं छोटं यंत्र) घ्या, आणि आठवडाभर कुणाला तरी घड्याळ घेऊन उभं करा की तुमची आहे ती मशीन हलते किती आणि उभी किती. फुकटचं काम आहे, आम्ही ६३,७२० गुणिले दोन भरून केलं.

करार दोन महिन्यांनी संपतोय. वाढवायचा विचार आहे, कामाच्या तासांवर दर मिळाला तर नक्कीच, घासाघीस करायला टूल रूमच्या साहेबांना पाठवणार आहोत. कुणाला प्रत्यक्ष बघायची असेल तर विचारा, प्लँट हेडना विचारून बोलावतो. गुरुवार सोडून या. बारा ते साडेबारा मामा जेवतात. आणि साडेचारनंतर येऊ नका, तेव्हा ती माझी असते.